डावीकडे ओढणारी गाडी

वकीलसाहेबांची गाडी मी विकत घेतली तेव्हा आमच्या कुमासी शहरातल्या निम्म्या ड्रायव्हरांनी मला वेड्यात काढलं, आणि उरलेल्या निम्म्यांनी माझ्या पैशानं बिअर पिऊन मग वेड्यात काढलं. गाडी जर्मन, एकोणऐंशी सालची, गर्द निळी, आत लाल चामडं. इंजिनाच्या आकड्यावरून सगळे तिला ‘दोनशेऐंशी’ म्हणायचे. ती नवी आली तेव्हा पहिली चावी मीच फिरवली होती. पुढची सतरा वर्षं वकील अम्पोन्सेम यांना मागच्या उजव्या सीटवर बसवून कोर्टात, चर्चमध्ये आणि लोकांच्या मयतांना मीच फिरवलं.

साहेब गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि असतं तरी काही फरक पडला नसता. आमच्यात माणसाच्या मागे त्याचं सगळं बहिणीच्या मुलाकडे जातं. हा बहिणीचा मुलगा म्हणजे कुसी. त्याला उंच चाकांची जपानी जीप हवी होती.

“घेऊन जा रे बादू ही म्हातारी,” तो मला म्हणाला. “नाहीतर भंगारात देतो. तुझा जीव आहे ना तिच्यावर? मग तूच पोस.”

भंगार हा शब्द मला सहन झाला नाही. माझ्या बायकोनं, पोकुआनं, शिलाई मशिनसाठी पैसे साठवले होते. तिला न विचारता मी ते कुसीच्या हातावर ठेवले आणि गाडी घरी आणली.

“वा!” पोकुआ दारात येऊन म्हणाली. “घरात गारीचा कोरडा रवा भिजवून खायची आणि दारात राजवाडा उभा करायचा. आता मी कपडे शिवू कशावर? बॉनेटवर?”

“शनिवारी लग्नांना भाड्यानं देऊ. मयतांना देऊ. स्वतःचं पोट ती स्वतः भरेल.”

“तिचं पोट केवढंय ते बघितलंस का?”

खरं सांगायचं तर नव्हतं बघितलं. साहेबांच्या पैशानं टाकी भरताना ते मला कधी दिसलंच नव्हतं. अशी गाडी घ्यायला फारसं काही लागत नाही, कारण ती कोणालाच नको असते. पण घेतल्यावर कळतं की बाई म्हातारी झाली तरी तिच्या सवयी तरुणपणच्याच आहेत. उतार आला की मी गिअर काढून घ्यायचो. टाकी कधी पाव भागाच्या वर गेली नाही. रेडिएटर एका टॅक्सीचा होता, तो वायरनं बांधला होता. पुढचा एक दिवा दुसऱ्यापेक्षा पिवळा पडायचा. सुआमेला, गॅरेजांच्या वस्तीत, मास्टर इद्रिसूच्या अंगणात अशीच एक तोडलेली दोनशेऐंशी पडली होती. काही मोडलं की आम्ही त्या मेलेल्या बहिणीच्या अंगावरून काढून हिला लावायचो.

ह्या गाडीची कुलपं हवेच्या ओढीनं लागतात. त्यांची नळी फाटली होती, तिथे इद्रिसूनं सलाइनची नळी जोडली. काम झालं. फक्त इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी मागच्या उजव्या दाराचं कुलूप आपसूक वर यायचं, आणि वर येताना एक लांब सुस्कारा सोडायचं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी अंगणात जेवत होतो. ताट ठेवलं, उठलो आणि जाऊन दार उघडलं. सतरा वर्षांची सवय. दार धरून, मान जरा झुकवून उभा राहिलो, आणि उतरायला कोणीच नव्हतं. पोकुआ बघत होती. त्या दिवशी तिनं टोमणा मारला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

मग अंगठी सुरू झाली. साहेबांच्या बोटात जाड सोन्याची अंगठी असायची. मी वेग वाढवला की ते बोलायचे नाहीत, फक्त अंगठी काचेवर दोनदा वाजवायचे, टक टक, की मी पाय उचलायचो. गाडी माझी झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर ती वाजली. माझा पाय आपोआप उचलला गेला. आरशात पाहिलं तर लाल चामडं, त्यावर ऊन.

इद्रिसूनं दाराचं अस्तर उघडून एक सुटलेला स्क्रू काढला. “हे घे तुझं भूत,” म्हणाला, आणि स्क्रू माझ्या खिशात टाकला. घरी येताना टक टक झालं. स्क्रू खिशातच होता.

भाड्यानं बसणाऱ्यांनाही काहीतरी जाणवायचंच. एका नवरीच्या आईनं विचारलं, “मागे कोणी डांबरगोळ्या ठेवल्यात का?” साहेबांच्या काळ्या कोटाला तोच वास असायचा. मयताला जाणारे काका-मामा चौघे दाटीवाटीनं डावीकडे सरकून बसायचे आणि उजवीकडे एका माणसाची जागा राहायची. का, ते कोणाला सांगता यायचं नाही.

मला भुतांची भीती वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. भीती मला दुसऱ्याच गोष्टीची होती. ती आता सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

साहेब ज्या शनिवारी गेले, त्याच्या आदल्या दिवसापासून त्यांच्या छातीत दुखत होतं. सकाळी मॅडम, म्हणजे त्यांच्या पत्नी दुफिए, मला म्हणाल्या, “बादू, आज गाडी दारातून हलवू नकोस. दुपारपर्यंत बरं वाटलं नाही तर ह्यांना इस्पितळात न्यावं लागेल.” मी हो म्हटलं. साहेबांचा डोळा लागला आणि मी गाडी बाहेर काढली. एका नवरीला चर्चमध्ये सोडायचं मी गुपचूप कबूल केलं होतं. असं पूर्वीही पाच-सहा वेळा केलं होतं, कोणाला कळलं नव्हतं. तासाभराचं काम. पण नवरीचं आवरेना, मग फोटो, मग फोटोवाल्याचा रोल संपला. मी साडेतीनला परतलो तेव्हा फाटकात बायका डोक्यावर हात घेऊन रडत होत्या. मॅडम टॅक्सीसाठी अनवाणी रस्त्यापर्यंत धावल्या होत्या. टॅक्सी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

बॉनेटवरच्या लग्नाच्या फिती मी अलीकडच्या वळणावरच काढल्या होत्या. मी सांगितलं, पेट्रोल भरायला गेलो आणि वाटेत इंजिनाचा पंप बसला. मॅडमनी नुसती मान हलवली. कोणी काही विचारलं नाही. आणि त्याच गाडीसाठी मी बायकोची मशीन घालवली. ती भंगारात जाऊन कोणी तिचा पंप उघडून बघेल, अशी खुळी भीती मला तेव्हा वाटली होती का? वाटली असेल. प्रेमही होतंच. दोन्ही एकाच चावीत होतं.

वर्ष भरत आलं. वर्षाच्या विधीच्या दोन आठवडे आधी गाडीचे ब्रेक मऊ पडले. इद्रिसूनं पुढची चाकं काढून दाखवलं: दोन्हीकडच्या रबरी नळ्या फुगल्या होत्या, पॅड झिजले होते. माझ्याकडे एकाच बाजूपुरते पैसे होते.

“ब्रेक जोडीनं बदलतात,” इद्रिसू म्हणाला. “एकच बाजू केलीस तर ती त्या बाजूला ओढेल.”

“डावी आता करू, उजवी पुढच्या महिन्यात.”

“मग पुढच्या महिन्यापर्यंत अल्लाचं नाव घेऊन ब्रेक मार. माझं नाव घेऊ नकोस.”

तेव्हापासून जोरात ब्रेक मारला की ती डावीकडे तोंड वळवायची. मला सवय झाली. स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवायचं, बस.

विधीसाठी कुसीनं थाट करायचं ठरवलं. “मामांना त्यांच्याच गाडीतून आणायचं,” त्यानं जाहीर केलं. साहेबांचा मोठा फोटो काळ्या-लाल कापडात गुंडाळून त्यानं मागच्या उजव्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. मी आरशात पाहिलं. साहेब सरळ माझ्याकडे बघत होते. साहेबांच्या न्हिआसोच्या बंगल्यापासून बांतामाच्या कुळाच्या घरापर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. तरी अंगठी दोनदा वाजली.

कुळाच्या घराच्या फाटकात नाना द्वोमोंनी गाडी थांबवली. ते कुळाचे प्रमुख, ऐंशीच्या पुढचे, पण आवाज खणखणीत. त्यांनी बॉनेटवर दारू ओतली आणि हाक मारली, “अम्पोन्सेम, ये! तुझं वर्ष झालं. तुझ्याच गाडीत बस आणि तुझ्या माणसांत ये!”

अंगण फाटकापासून उताराचं आहे आणि त्यावर बारीक खडी. उजवीकडे पुरुष, समोर ढोल, डावीकडे मांडवाखाली बायका. त्यांच्या पुढे खुर्चीवर मॅडम. वर्षभराचे काळे कपडे उतरवून त्या आज पहिल्यांदा पांढऱ्यात होत्या. गाडी हळूहळू उतरत होती. तेवढ्यात ढोल कडाडले आणि एक म्हातारी नाचत नाचत अगदी समोर आली. मी दचकून पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबला. खडीवर गाडी घसरली, तोंड डावीकडे फिरलं, मांडवाचा बांबू आडवा झाला, आणि बंपर मॅडमच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबला.

ढोल बंद पडले. मग ती नाचणारी म्हातारीच ओरडली, “त्यानं दाखवलं! नवऱ्यानं दाखवलं!”

आमच्या आजोबांच्या काळी संशयाचं मरण झालं की प्रेत दोघांच्या डोक्यावर देऊन गावात फिरवायचे. प्रेत जाऊन ज्याला धडकेल त्यानं मारलेलं असायचं. गोऱ्यांच्या सरकारनं ते बंद केलं, पण अजून कोणी विसरलेलं नाही. नानांनी मेलेल्याला गाडीत बोलावलं, त्याचा चेहरा गाडीत बसला होता, आणि गाडी बायकोच्या अंगावर गेली. आणखी काय हवं? शिवाय साहेब जायच्या आदल्या रात्रीचं सूप कोणी रांधलं होतं, असं कुसी वर्षभर कानाकानात विचारत होताच. न्हिआसोचं घर मॅडमनी सोडावं म्हणून.

मॅडम उठल्या. त्या घाबरल्या नव्हत्या. खिडकीशी येऊन त्यांनी सगळ्यांसमोर स्वच्छ आवाजात विचारलं, “बादू, ब्रेकला काय झालंय?”

एकच वाक्य बोलायचं होतं: ‘मॅडम, एकाच बाजूची नळी बदललीय.’ दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यांतल्या कितीतरी जणांनी पुढच्या महिन्यांसाठी माझी गाडी ठरवली होती. आणि कुसी एकटक बघत होता. मला वाटलं, आज ब्रेकचं बोललो तर कोणीतरी विचारेल, गेल्या वर्षी पंपाचं काय झालं होतं रे?

“ब्रेक ठीक आहेत, मॅडम,” मी म्हणालो.

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग जाऊन बसल्या.

नाना द्वोमो सावध माणूस. ते म्हणाले, “एकदा झालं ते अपघातानंही होतं. पुढच्या शनिवारी गाडी पुन्हा आणायची. हीच जागा, हाच फोटो. पुन्हा तिच्याकडे गेली तर तिनं घर सोडावं.”

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, आज सांगायला लाज वाटते. आठवडा हातात होता. ब्रेक नीट केले की गाडी सरळ जाईल, मॅडम सुटतील, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. मी स्टेपनी इद्रिसूला दिली आणि तिच्या बदल्यात उजवी बाजू करून घेतली.

“आता कशी अक्कल आली?” तो हसला.

आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. मोकळ्या जागी मी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि ब्रेक दाबला. गाडी ओळंबा सोडल्यासारखी सरळ थांबली. इद्रिसूनं माझ्या पाठीत थाप मारली. आणि मागे काचेवर वाजलं, टक टक, पुन्हा टक टक, थांबेचना. गाडी उभी होती. इंजिन बंद होतं. इद्रिसूचं हसू गेलं. त्यानं मागे वळून पाहिलं नाही, मीही नाही.

“बादू,” तो हळू आवाजात म्हणाला, “तू ह्या माणसाचं काही देणं लागतोस का?”

मी त्याला गॅरेजवर सोडलं आणि निघालो.

शनिवारी अंगणात गेल्या वेळेपेक्षा दुप्पट गर्दी. डावीकडे मॅडमची खुर्ची होती, रिकामी. मी कुसीला विचारलं.

“गेली,” तो दात दाखवत म्हणाला. “काल सकाळीच. चाव्या शेजारणीकडे टाकल्या आणि मांपोंगच्या गाडीत बसून माहेरी गेली. ज्याच्या मनात पाप नाही तो पळतो का?”

“मग गाडी कशाला उतरवायची?”

“उतरव. मामा काय म्हणतात ते सगळ्यांना बघू दे.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. नानांनी दारू ओतली, हाक मारली. मी गाडी उतारावर सोडली, ढोलांसमोर ब्रेक दाबला. गाडी जराही न वळता, नाकासमोर थांबली.

आधी एक मोठा श्वास ऐकू आला, सगळ्या अंगणानं मिळून घेतलेला. मग आरडाओरडा, टाळ्या. बायका पांढरे रुमाल हलवू लागल्या. “ती इथे नाही तर तो शांत आहे! बघा, कसा शांत आहे!” नाना द्वोमोंनीही मान डोलावली. पुराव्यात जी काही कसर होती ती मी भरून काढली होती, माझ्या स्टेपनीच्या मोलानं.

मी खाली उतरलो. “नाना,” मी ओरडलो, “गाडीत काही नव्हतं. ब्रेकची एकच नळी बदलली होती म्हणून ती डावीकडे गेली. ह्या आठवड्यात दुसरी बदलली. इद्रिसूला विचारा. आणि साहेबांना मॅडमनी नाही मारलं. मी मारलं. गाडी दारात ठेव म्हणून सांगितलं होतं आणि मी ती एका लग्नाला नेली. पंप बसला नव्हता. मी खोटं बोललो.”

मग कुसी हसला, मोठ्यानं. “किती दिले रे तिनं तुला?”

“काही नाही दिलं! तिला माहीतसुद्धा नाही!”

नाना द्वोमोंनी हात वर केला. “ड्रायव्हर, गेल्या शनिवारी ह्याच जागी तिनं तुला विचारलं, ब्रेकला काय झालंय. सगळ्यांनी ऐकलं. तू काय म्हणालास?”

मी खाली खडीकडे पाहिलं.

“ब्रेक ठीक आहेत, म्हणालास. तेव्हा तुला शिकवायला कोणी नव्हतं.” त्यांचा आवाज मऊ झाला, आणि ते जास्त लागलं. “तुझं प्रेम होतं त्या घरावर. दुःख होतंय तुला. जा, आत जाऊन काहीतरी पी.”

कोणीतरी माझ्या हातात ग्लास दिला. वर्षभर जे ओठांवर येऊ नये म्हणून मी झोपेतही तोंड मिटून होतो, ते मी बोललो होतो, आणि लोक माझी समजूत काढत होते.

घरी जाऊन पोकुआला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माझी मशीन ह्याच्यासाठी गेली होय?” एवढंच. मग तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी मी मांपोंगला गेलो. मॅडम आईच्या घराच्या पडवीत भुईमूग सोलत होत्या. त्यांनी आमच्या रिवाजाप्रमाणे आधी पाणी दिलं, मी पिईपर्यंत थांबल्या, मग विचारलं, “बोल, कशासाठी आलास?”

मी सांगितलं. नवरी, फोटो, फिती, पंप, नळी. काही लपवलं नाही. त्यांचे हात शेंगा सोलतच राहिले.

“त्यांना सांगितलंस?”

“सांगितलं. कोणाला पटलं नाही.”

“मला पटतंय,” त्या म्हणाल्या.

एवढ्या माणसांत एक बाई माझ्यावर विश्वास ठेवत होती, आणि तिनं ठेवला नसता तर बरं झालं असतं.

मूठभर शेंगा सोलून त्या पुन्हा बोलल्या. “त्या दुपारी ह्यांनी मला दोनदा विचारलं, बादू कुठंय. पहिल्यांदा मी काहीच बोलले नाही. दुसऱ्यांदा फार घाबरले होते, हात बर्फासारखे पडले होते, म्हणून मी म्हटलं, आला, गाडी वळवतोय. ‘बरं झालं,’ म्हणाले. आणि उठून पलंगावर बसले आणि बूट घालायला लागले. अनवाणी तुझ्या गाडीत कधी बसले नाहीत ना. एक बूट घातला. नाडी बांधताना वाकले ते तसेच गेले.” त्यांनी टोपली बाजूला सारली. “एकतीस वर्षांच्या संसारात माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं खोटं झालं. तुझ्यामुळे.”

मला वाटलं होतं त्या शिव्या देतील, मारतील. मी जमिनीवर बसून रडलो. त्यांनी मला रडू दिलं, आणि मग उठून पायात चपला घातल्या.

“घर मला नको आहे,” त्या म्हणाल्या. “पण नवरा मारणारी म्हणून मी मरणार नाही. पुढच्या शनिवारी ये आणि मला घेऊन जा. त्यांना पुन्हा सांग.”

“ऐकणार नाहीत, मॅडम.”

“मग त्याच्या पुढच्या शनिवारी सांग. त्यांना पटेपर्यंत सांगायचं. तुला वर्षभर गप्प बसता आलं ना? मग आता वर्षभर बोल.”

तेव्हापासून शनिवारची सगळी भाडी बंद आहेत. मी पहाटे मांपोंगला जातो. मॅडम मागचं दार स्वतः उघडतात आणि उजव्या सीटवर बसतात, साहेबांच्या जागी, कारण दुसरी जागा त्यांना चालत नाही. पोकुआ त्यांच्यासाठी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेला मासा बांधून देते. माझ्यासाठी नाही. गाडी आता तेल पिते, धूर सोडते, चढावर खोकते, पण शनिवारी चुकूनही बंद पडत नाही. अंगठी अजून वाजते. मॅडमनाही ऐकू येते. एकदा त्या आरशातून माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सावकाश चालव. ते सांगतायत ते ऐकू येत नाही का?”

बांतामाच्या फाटकाशी मी उतरतो आणि मोठ्यानं सगळं सांगतो. पहिल्या शनिवारी कुसीनं फाटक लावून घेतलं. मग पोरांनी दगड मारले, पुढच्या वेळी बादलीभर खरकटं पाणी आलं. शेजारचे लोक आधी हसले, मग खिडक्या बंद करू लागले. मॅडम गाडीतून उतरत नाहीत, बोलत नाहीत. काच अर्धी खाली करून समोर बघत बसतात.

काल अकरावा शनिवार होता. फाटक उघडं होतं. नाना द्वोमो काठी टेकत बाहेर आले, त्यांच्यामागून एकानं स्टूल आणून ठेवलं. ते बसले. गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सांग,” ते म्हणाले. “आज मी ऐकतो. सुरुवातीपासून सांग.”

मी सांगितलं. इतक्या वेळा सांगून माझ्या तोंडी ते प्रार्थनेसारखं बसलं होतं. नवरी, चर्च, फोटो, फिती, पंप. मग नळ्या. शेवटी म्हणालो, “एवढंच, नाना,” आणि घाम पुसला.

नाना काही बोलणार तोच मागून मॅडमचा आवाज आला. अकरा शनिवारांत पहिल्यांदा.

“बुटाचं राहिलं, बादू. तेही सांग.”

ते मी कधीच सांगितलं नव्हतं, एकदाही नाही. मी वळून पाहिलं. त्यांनी काच पूर्ण खाली केली होती आणि त्या वाट बघत होत्या. मग मी नानांकडे तोंड केलं आणि ते सांगायला लागलो.